गाडीत पाणी मुरतंय, पण कुठून?

कोरडीमॅट

‘पाणी कुठेतरी मुरतंय’ असं आपण एरवी दुसऱ्याच अर्थाने म्हणतो. माझ्या गाडीत ते तीन आठवडे अक्षरशः चाललंय. सगळं सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

गाडी नऊ वर्षांची, पेट्रोल हॅचबॅक, पाच दारं, सनरूफ नाही. सुरुवात वासाने झाली. सकाळी दार उघडलं की ओल्या पोत्यासारखा भपकारा. मला वाटलं कुणाचा तरी टॉवेल सीटखाली राहिला असेल. शोधलं, काही नाही. मग काचा आतून धुरकट व्हायला लागल्या. पुसल्या की पाच मिनिटांत पुन्हा तेच. तरीही माझी ट्यूब पेटली नाही. एक दिवस शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीने बूट काढून पाय पसरले आणि म्हणाली, “ताई, माझा मोजा भिजला गं.”

मॅट उचलली. कार्पेट हाताला नुसतं दमट लागत होतं. अंगठ्याने जोर लावून दाबलं तर नखाच्या दोन्ही बाजूंनी पाणी वर आलं. कार्पेटखाली तो जाड फोम असतो ना, तो स्पंजसारखा भरलेला होता.

ओल आहे ती चालकाच्या शेजारच्या सीटपुढे, पाय ठेवतो तिथे. चालकाच्या बाजूला कोरडं ठणठणीत.

मी आतापर्यंत काय केलं ते सांगते. दारांची रबरं पुसली, कुठे फाटलेली दिसली नाहीत. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात फट असल्यासारखी वाटली म्हणून सिलिकॉनची ट्यूब आणली आणि त्या बाजूची काचेची अख्खी कड भरून टाकली. दोन दिवस कोरडं राहिलं. मी घरात मिरवून घेतलं. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि पाणी पुन्हा हजर. म्हणजे ते दोन दिवस पाऊसच नव्हता, एवढंच.

मेकॅनिकला दाखवली तर म्हणाला, जुनी गाडी आहे, थोडं पाणी यायचंच. मला ते पटत नाही. शोधायचं कसं, कुठून सुरू करायचं, ते कुणी सांगेल का? मला हाताने काम करायची हौस आहे, पाना-स्क्रूड्रायव्हर घरात आहे.

मीपण_गाडीवाला

सिलिकॉन कमी पडलं असणार. पूर्ण काचेला गोल फिरवा. आणि नाहीच थांबलं तर खालच्या पत्र्याला एक भोक पाडा, आलेलं पाणी आपोआप जाईल. मी माझ्या जुन्या गाडीला केलं होतं.

गॅरेजचा_पोऱ्या

भोकातून रस्त्यावरचं पाणी वर येतं आणि कापलेल्या पत्र्याच्या कडेला गंज धरतो, तेवढं सोडून आयडिया छान आहे.

ताई, ‘कुठून’च्या आधी ‘कधी’ ते सांगा. कोरड्या दिवशी एसी लावून फिरल्यावर ओल वाढते, की फक्त पावसात? तुम्ही सांगताय त्या जागी पाणी यायचं सगळ्यात साधं कारण म्हणजे एसीचा ड्रेन पाइप तुंबणं. डॅशबोर्डच्या मागे एसीची कॉइल असते, तिच्यावर हवेतली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं. दमट दिवशी तासाभरात लीटरभर सहज निघतं. ते एका रबरी नळीतून गाडीच्या खाली पडायला हवं. दमट हवेत एसी लावून वीस मिनिटं गाडी उभी ठेवा आणि खाली वाकून बघा. पाणी ठिबकत असेल तर नळी मोकळी आहे. नसेल ठिबकत, तर ते पाणी तुमच्या कार्पेटमध्ये चाललंय.

दुसरं, बोट बुडवून वास घ्या. पाणी नुसतंच पाणी असेल तर ठीक. चिकट लागलं, गोडसर वास आला, काचेवरचा धूर पुसताना तेलकट फराटे उठले, तर ते पावसाचं नाही, कूलंट आहे, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. मग हीटरच्या रेडिएटरला गळती. तो वेगळाच किस्सा, आणि तो डॅशबोर्डच्या पोटात असतो.

कोरडीमॅट

आज बघितलं. एसी लावल्यावर खाली व्यवस्थित ठिबकतंय, दहाव्या मिनिटालाच छोटं थारोळं झालं. वास मातकट आहे, गोड नाही, चिकटही नाही. गेल्या आठवड्यात चार दिवस कोरडे गेले, रोज एसी लावून गाडी चालवली, ओल वाढली नाही. म्हणजे पाऊसच. पण प्रत्येक पावसात येतंच असंही नाही. ऑफिसखाली गाडी दिवसभर धो धो पावसात उभी होती, काही झालं नाही. घरी एका रात्रीत डबकं.

सनरूफग्रस्त

तुम्हाला सनरूफ नाही हे नशीब. वाचणाऱ्यांपैकी ज्यांना आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. सनरूफच्या काचेभोवतीचं रबर पाणी पूर्ण अडवतच नाही, तशी अपेक्षाच नसते. आत आलेलं पाणी खालच्या पन्हळीत पडतं आणि बहुतेक गाड्यांत चार कोपऱ्यांतल्या चार नळ्यांतून, खांबांच्या आतून खाली उतरतं. नळी तुंबली की पाणी छताच्या कापडात आणि तिथून खांबावरून खाली. मी शहाणपणा करून कॉम्प्रेसरची हवा मारली. आतल्या आत नळी जोडावरून सुटली आणि थेंब थेंब येणारं पाणी धारेने यायला लागलं. नायलॉनची जाड, लवचीक तार हळूहळू सरकवा, मग पेलाभर पाणी ओतून ते खाली बाहेर पडतंय का बघा. हवा मारू नका.

पत्रेकाम

कोरडीमॅट ताई, बॉडीच्या कामात बावीस वर्षं काढली. त्यातला बराच वेळ असल्या पाण्याच्या मागे गेलाय. घाईने लिहितोय, शुद्धलेखन बघू नका.

पाणी साचतं तिथूनच आत येतं असं धरून चालू नका. आत शिरलं की ते पत्र्याच्या कडेने, वायरिंगच्या अंगाने, कार्पेटच्या खालून चालत जातं आणि सखल जागा सापडली की बसतं. म्हणून मला आधी दोन गोष्टी सांगा. घरी गाडी उतारावर उभी असते का, आणि नाक खाली का वर? ऑफिसला आणि घरी असा फरक पडतोय त्याचं उत्तर मला तिथे दिसतंय. आणि गेल्या सहा-आठ महिन्यांत गाडीचं काय काय काम झालं? काच बदलली, स्पीकर बसवले, दार उघडलं, डेंट काढला, काहीही. गळती बऱ्याचदा कुणाच्या तरी हाताने सुरू झालेली असते, आपोआप नाही.

तोवर बॉनेट उघडून काउल बघून घ्या. वायपरच्या खाली काळी प्लास्टिकची जाळी असते, तिच्याखाली पन्हळ. पुढच्या काचेवरचं सगळं पाणी तिथे जमून दोन टोकांच्या भोकांतून चाकाच्या मागे पडतं. झाडाखाली उभ्या असणाऱ्या गाडीत तिथे पानांचा चिखल होतो, भोकं बुजतात, पन्हळ हौदासारखी भरते. आणि ब्लोअर हवा ओढतो ती तिथूनच, म्हणजे पाणी सरळ आत. खूण सोपी आहे. ग्लव्हबॉक्समागचा केबिन फिल्टर काढा. ओला असेल किंवा त्यावर पाण्याचे वाळलेले डाग असतील तर संशय काउलवर. कोरडा असेल तर पुढे चला.

मग नळीची चाचणी. याला दोन माणसं लागतात. एक आत टॉर्च घेऊन, एक बाहेर नळी घेऊन. आतली मॅट, उंबऱ्यावरची प्लास्टिक पट्टी, खांबाच्या तळाचं कव्हर आधी काढून ठेवा, उघडा पत्रा दिसला पाहिजे. प्रेशर वॉशर अजिबात नको, त्याने धडधाकट रबरातूनही पाणी घुसेल आणि तुम्ही भलतीकडे धावाल. नळीचं पाणी नुसतं वाहू द्या, पाऊस पडतो तसं. आणि खालून वर जा. लोक पहिल्यांदा टपावर पाणी सोडतात, ते सगळीकडून खाली ओघळतं, मग शिरलं कुठून ते काय कळणार? एका जागी दहा मिनिटं, घड्याळ लावून. मग पुढची जागा. कंटाळा येतो, पण दुसरा इलाज नाही.

काचेला लावलेल्या सिलिकॉनबद्दल नंतर बोलू.

कोरडीमॅट

दादा, तुमचे दोन प्रश्न वाचून मी खुर्चीतून उठलेच.

घरी गाडी उतारावरच असते, नाक खाली. ऑफिसला सपाट.

आणि काम झालंय. चार महिन्यांपूर्वी मागच्या दाराची काच वर जात नव्हती म्हणून तिची मशीन बदलली. ओल येते त्याच बाजूचं मागचं दार. मी ते लिहिलं नाही कारण ओल पुढे आहे आणि दार मागचं, त्याचा याच्याशी संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही. मागे कार्पेट वरून कोरडं आहे. आता मात्र अंगठा लावून बघते.

केबिन फिल्टर काढला, धुळीने काळा झालाय पण कोरडा. काउलमध्ये मूठभर पानं निघाली, भोकं मोकळी होती.

पत्रेकाम

मग मला बऱ्यापैकी दिसतंय, पण नळी लावल्याशिवाय दार खोलू नका. मीही अंदाजाने दोन-तीन वेळा तोंडघशी पडलोय.

कोरडीमॅट

रविवारी केलं. भाऊ बाहेर नळी घेऊन, मी आत टॉर्च घेऊन, गुडघे पोटाशी. गाडी मुद्दाम उतारावर, नेहमीच्या जागी.

पुढच्या दाराच्या खालच्या कडेला दहा मिनिटं, काही नाही. पुढच्या दाराच्या काचेच्या कडेला दहा मिनिटं, काही नाही. काउल, काही नाही. पुढच्या काचेचा कोपरा, सिलिकॉन लावलेला आणि न लावलेला, दोन्ही बाजू. काही नाही. भाऊ बाहेरून ओरडला, “तुझी गाडी बरी झाली वाटतं!” मागच्या दाराच्या खाली, काही नाही. मग त्याने मागच्या काचेवर, काच दारात जाते त्या रबरी पट्टीवर पाणी सोडलं.

दोन मिनिटं, तीन, चार. सहाव्या मिनिटाला दाराच्या आतल्या पॅडच्या खालच्या कडेला एक थेंब फुगला. पडला नाही, नुसता लोंबत राहिला. मग त्याच्या शेजारी दुसरा आला, दोन्ही एक झाले आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ओघळले. तिथे वायरिंगची एक लांब प्लास्टिकची पन्हळ आहे, मागून पुढे जाणारी. पाणी तिच्यात उतरलं आणि टॉर्चच्या उजेडात एक बारीक चकचकीत रेघ पुढच्या सीटच्या दिशेने सरकायला लागली. मी बोट धरून तिच्याबरोबर पुढे सरकले. रेघ पुढच्या कार्पेटच्या कडेखाली शिरली आणि दिसेनाशी झाली.

मागचं कार्पेट अंगठ्याने दाबलं. खाली तिथेही ओल होती, पुढच्यापेक्षा कमी. तीन आठवडे तिथे मी हातच लावला नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

आता दार खोलायचं आहे. काय काळजी घेऊ?

पत्रेकाम

शाबास. आता आत काय आहे ते समजून घ्या म्हणजे हात धजावेल.

दारात पाणी जाणं हा दोष नाही. काच खाली जाते त्या फटीतून पाणी दारात शिरतंच, प्रत्येक गाडीत, अगदी नव्या कोऱ्या गाडीतसुद्धा. ते आतल्या आत खाली उतरतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ते आत तुमच्याकडे येऊ नये म्हणून पॅड आणि पत्रा यांच्यामध्ये एक प्लास्टिकचा पडदा असतो, काळ्या चिकट ब्युटाइलने चारही बाजूंनी चिकटवलेला. काही गाड्यांत फोमचा असतो. काचेची मशीन बदलायला तो सोडवावाच लागतो. चांगला कारागीर तो तसाच परत बसवतो. घाईतला फाडतो आणि वर पॅड दाबून मोकळा होतो. पॅड बसलं की कुणाला काय दिसतंय?

खोलताना हँडलच्या खोबणीतले आणि टोपणाखालचे स्क्रू आधी काढा, मग पॅड खालच्या कोपऱ्यापासून ओढा. क्लिपा टकटक सुटतील, एखाद-दुसरी तुटेल, चार जादा आणून ठेवा. पॅड झटक्याने दूर नेऊ नका, काचेच्या बटणाची वायर आणि कुलपाची केबल मागे अडकलेली असते.

पडदा फाटला असेल तर जुना पसरून त्यावरून जाड प्लास्टिकचा नवा कापा. जुनं ब्युटाइल खरवडत बसू नका. त्याचाच एक गोळा करून त्याने टिपत जा, आपलंच आपल्याला उचलतं. पत्रा कोरडा करा, स्पिरिटने पुसा, नवी ब्युटाइलची दोरी लावा, हेअर ड्रायरने गरम करून दाबा. सिलिकॉन नाही, साधी चिकटपट्टी तर नाहीच नाही. खालची कड दाराच्या पत्र्याच्या आत गेली पाहिजे, म्हणजे पडद्यावरून ओघळलेलं पाणी परत दारातच पडेल. ती कड बाहेर राहिली तर बाकी कितीही छान चिकटवा, उपयोग शून्य. दाराच्या तळाची भोकं प्लास्टिकच्या काडीने मोकळी करा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर घातला तर रंग खरवडतो आणि तिथूनच गंज लागतो.

गॅरेजचा_पोऱ्या

आणि ताई, कार्पेट वाळवायला सीट काढणार असाल तर थांबा आणि हे वाचा. सीटखाली पिवळा प्लग असेल तर तो एअरबॅगचा किंवा सीटबेल्टचा आहे. चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढा, दहा मिनिटं थांबा, मगच प्लग सोडवा. आणि प्लग सुटलेला असताना चावी फिरवू नका, नाहीतर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून बसेल, तो मशीन लावूनच घालवावा लागतो.

कार्पेट वरून कोरडं लागलं म्हणजे झालं असं नाही, हे तुम्हाला आता सांगायला नको.

कोरडीमॅट

झालं. फोटो कसे टाकायचे ते जमत नाहीये, शब्दांवर भागवा.

पॅड काढलं. दोन क्लिपा गेल्या. पडद्याचा खालचा पुढचा कोपरा वीतभर फाटलेला, आणि कुणीतरी तो खोक्यांना लावतात त्या तपकिरी पट्टीने चिकटवलेला. पट्टी ओल्याने सुटून मागे गुंडाळली गेली होती, आणि पडद्याची खालची कड आतल्या बाजूला, म्हणजे पॅडकडे लोंबत होती. दारात उतरणाऱ्या पाण्याला घरात यायला घसरगुंडीच करून दिली होती. मला राग येण्याआधी हसू आलं.

नवा पडदा कापला. पहिला चुकला, हँडलच्या केबलचं भोक उलट्या बाजूला पडलं. दुसरा बसला. ब्युटाइल हाताला, कोपराला, केसाला, सगळीकडे. तळाच्या तीन भोकांपैकी एक चिखलाने बुजलं होतं, मोकळं केल्यावर चमचाभर काळं पाणी आलं.

मग सीट. बोल्ट चार, त्यातल्या एकाने अर्धा तास खाल्ला. बॅटरी काढली, दहा मिनिटं घड्याळ बघत बसले, मग पिवळा प्लग सोडवला. कार्पेट उचललं तर फोमखाली पत्र्यावर पाणी उभं होतं. पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने ओढून बादलीत मोजलं, साडेतीन लीटर. पत्र्याला फक्त एका जोडावर तांबूस डाग, बोटाने पुसला गेला. एका कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखं जमायला लागलं होतं, ते ब्रशने साफ करून क्लीनर मारला. कार्पेटखाली लाकडाचे तुकडे घालून टेबलफॅन लावला. कापड दीड दिवसात वाळलं, फोमला पाच दिवस लागले. त्याच्यात पाचव्या दिवशीही एक टोक गार लागत होतं, म्हणून सहावा दिला.

नंतर सगळं बसवायच्या आधी पुन्हा नळी. मागच्या काचेवर वीस मिनिटं. आत रद्दीचे कागद पसरले होते, एकही भिजला नाही, आणि दाराच्या तळातून पाणी बाहेर छान पडत होतं. परवा रात्रभर पाऊस झाला. सकाळी आधी अंगठा लावला, मग ऑफिसला गेले.

मीपण_गाडीवाला

भोक पाडलं नाहीत हे बरं केलंत. माझ्या त्या गाडीचा पत्रा नंतर तिथूनच सडला होता, ते मी वर लिहिलं नव्हतं.

पत्रेकाम

छान. दोन-तीन पावसांनंतर मागचं आणि पुढचं दोन्ही कार्पेट पुन्हा दाबून बघा.

आता ते सिलिकॉन. पुढची काच गाडीला पॉलियुरेथेनने चिकटवलेली असते आणि सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी ते नीट धरत नाही. उद्या काच बदलायची वेळ आली तर तिथे त्रास होईल. शिवाय ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते उघड्या पत्र्याला खातं. तुमच्या ट्यूबला वास होता का?

कोरडीमॅट

होता. डोळ्यांत पाणी आलं होतं लावताना.

प्लास्टिकचं पातं घेऊन बसलेय. दोन संध्याकाळी गेल्या, अर्धी काच झाली.